पेडण्याचा भाऊ, वाडीचा भाऊ आणि विलायतेतलं मत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका वाचकाचं परदेशी गेलेल्यांवरचं पत्र वाचलं. त्यांचं म्हणणं असं, की देश सोडून गेलेल्यांना घरबसल्या मतदानाचे लाड कशाला? आणि जिथं गेले तिथंही हे परकेच, तिथले लोक काही त्यांना मत देऊ देत नाहीत. म्हणजे घरचे ना घाटचे.

पहिल्या वाक्यावर मी चिडणार नाही. दुसरं मात्र चूक आहे. निदान माझ्यापुरतं तरी. माझा पासपोर्ट भारताचाच आहे, निळा, तीन सिंहांचा. आणि 4 जुलै 2024 रोजी मी ब्रिटनच्या पार्लमेंटसाठी मत देऊन आलो. लपूनछपून नव्हे, कायद्यानं.

आधी मी कोण ते सांगतो. सावंतवाडी डेपोला एसटीचा ड्रायव्हर होतो. बायको नर्स. तिला इथल्या सरकारी रुग्णसेवेत नोकरी लागली आणि 2019 च्या सप्टेंबरात आम्ही स्विंडनला आलो. लंडनपासून रेल्वेनं तासाभराचं गाव. पूर्वी रेल्वे इंजिनांच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध, मग होंडाच्या मोटारींसाठी. तो कारखाना 2021 मध्ये बंद झाला. तिच्या व्हिसावर मी आश्रित. नवीन लायसन काढून आता दुमजली बस चालवतो. वाडीत घाट उतरवायचो, इथं पाच छोट्या चक्रांचं मिळून झालेलं एक मोठं गोल चक्कर आहे, ते रोज पार करतो. आंबोली परवडली.

आम्ही आलो त्याच वर्षी 12 डिसेंबरला इथं सार्वत्रिक निवडणूक झाली. आम्ही ढुंकूनही पाहिलं नाही. आपला काय संबंध? त्या सुमाराला नगरपालिकेकडून घरी एक फॉर्म आला, घरात कोण कोण राहतं आणि त्यांचं नागरिकत्व काय ते भरून पाठवा. बायकोनं तो खणात टाकला. मग आठवणीचं पत्र आलं. तिसऱ्यांदा आलेला कागद नीट वाचला तर त्यात दंडाची भाषा. घराची माहिती न दिल्यास हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि नाव नोंदवायला सांगूनही नोंदवलं नाही तर 80 पौंड. मी म्हटलं, हे काहीतरी चुकून आलंय, आपण तर परदेशी. पेडण्याच्या भावाला फोन लावला.

हा माझा आतेभाऊ. आत्या गोव्यात पेडण्याला दिलेली. सातार्ड्याचा पूल ओलांडला की तिचं घर वीस मिनिटांवर. लहानपणी मे महिन्यात एकाच पेजेच्या टोपात जेवलेले आम्ही. तो माझ्याआधी पाच वर्षं इथं आला, पण पोर्तुगालचा नागरिक म्हणून. गोव्यातल्या वाचकांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगाल आपलं नागरिकत्व देतं. आत्येचे यजमान तेव्हाचे. त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला करून घेतली, भावाला लाल पासपोर्ट मिळाला, भारताचा गेला. घटनेनं दोन देशांचं नागरिकत्व ठेवता येत नाही. तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होतं, त्यामुळे लाल पासपोर्टवाल्याला इथं व्हिसाच लागत नसे. म्हणून तर स्विंडनमध्ये गोंयकारांची एवढी वस्ती. इथल्या काही गल्ल्यांत संध्याकाळी कोंकणीच जास्त ऐकू येते.

फोनवर तो म्हणाला, ‘‘भर फॉर्म. तुका मत आसा. माका ना.’’

मला वाटलं, थट्टा करतोय. पण खरं निघालं. कायदा असा आहे, की ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेला राष्ट्रकुलातला कुठलाही नागरिक, म्हणजे भारतीय, पाकिस्तानी, नायजेरियन, ऑस्ट्रेलियन, इथल्या पार्लमेंटसह सगळ्या निवडणुकांत मत देऊ शकतो. अमुक वर्षं राहिलेला हवा अशी अट नाही. विद्यार्थी असला तरी चालतो. आयर्लंडच्या लोकांनाही हा हक्क आहे. पण युरोपीय संघातल्या बाकी बहुतेक देशांचे नागरिक फक्त स्थानिक निवडणुकांत मत देतात, आणि ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर तेही सगळ्यांचं राहिलं नाही. 2020 संपायच्या आत आलेले आणि ज्यांच्या देशाशी ब्रिटननं वेगळा करार केलाय ते, एवढ्यांचं राहिलं. पोर्तुगालशी तसा करार आहे. त्यामुळे भावाला नगरपालिकेसाठी मत आहे, पार्लमेंटसाठी नाही.

आता 23 जून 2016 आठवा. ब्रिटननं युरोपीय संघात राहायचं की नाही, याचं सार्वमत. त्यात ज्याचं घर, नोकरी, मुलांची शाळा सगळं टांगणीला लागलं होतं त्या माझ्या भावाला मत नव्हतं. आणि त्याच्या शेजारच्या खोलीत शिकायला आलेल्या, वर्षभरात परत जाणाऱ्या एका हैदराबादी मुलाला होतं. त्यानं ते दिलंही. कुठल्या बाजूनं दिलं ते भावानं विचारलं नाही, उगाच भांडण नको म्हणून.

या उलट्या गंगेचं कारण इतिहासात आहे. साम्राज्याच्या काळी राजाचा प्रजाजन तो मतदार, मग तो लंडनात जन्मलेला असो की मुंबईत, फक्त राहायला ब्रिटनमध्ये हवा. म्हणून दादाभाई नौरोजी 1892 मध्ये लंडनच्या फिन्सबरीतून निवडून येऊ शकले, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी का होईना. साम्राज्य गेलं, प्रजाजनाच्या जागी ‘राष्ट्रकुल नागरिक’ हा शब्द आला, हक्क तसाच राहिला. 1949 मध्ये प्रजासत्ताक होत असतानाही राष्ट्रकुलात राहायचं नेहरूंनी ठरवलं, त्याचा फायदा सत्तर वर्षांनी एका एसटी ड्रायव्हरला स्विंडनमध्ये मिळाला. गंमत अशी, की माझे आजोबा सावंतवाडी संस्थानची रयत. संस्थानी माणूस इंग्रजांच्या कायद्यानं ‘ब्रिटिश प्रजाजन’ धरलाच जात नसे, फक्त त्यांच्या संरक्षणाखालचा. म्हणजे आजोबा लंडनला आले असते तर त्यांना बहुधा मत नसतं. आणि पेडणे महाल तर मुळात सावंतांच्याच ताब्यातला, अठराव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगीजांकडे गेला. तो तसा गेला नसता तर आतेभाऊ आज माझ्याबरोबर रांगेत उभा असता. राजेलोकांनी तेव्हा कुठल्या कागदावर शिक्का मारला आणि त्यानं इथं कुणाच्या हातात पेन्सिल आली!

पेन्सिल म्हणजे खरोखरच पेन्सिल. 2024 च्या मे महिन्यात 2 तारखेला इथं नगरपालिकेची निवडणूक होती. भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहतो, मतदान केंद्र एकच, चर्चशेजारचा हॉल. आम्ही दोघं आणि माझी बायको बरोबर गेलो. एसटीत असताना निवडणुकीच्या आदल्या दिवशी मतदान पथकं आणि यंत्रं घेऊन गावोगाव सोडायला जायचो, तेव्हा केंद्र म्हणजे पोलीस, रांगा, पक्षांच्या मांडवातला चहा अशी सवय. (त्या नादात माझं स्वतःचं मत दोनदा बुडालं. ड्युटीवाल्यांचा अर्ज वेळेत भरला नाही, चूक माझीच.) इथं हॉलमध्ये दोन आजीबाई, एक यादी, एक काळी पेटी आणि दाराशी बांधलेला कुणाचा तरी कुत्रा. यादीत नावावर रेघ मारली, फोटोचं ओळखपत्र बघितलं. ते 2023 पासून सक्तीचं झालंय. मग कागद दिला. आडोशाला दोरीनं बांधलेली पेन्सिल, तिनं फुली मारायची, घडी करून पेटीत टाकायचं. बोटाला शाई नाही. बायको बाहेर येऊन म्हणते, ‘‘आता ग्रुपवर फोटो कसला टाकू? बोट तर कोरंच.’’

त्यानंतर पाचच दिवसांनी, 7 मे रोजी, रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोकसभेचं मतदान होतं. तिथं मी जाऊ शकलो नाही. आपल्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून परदेशी राहणारा भारतीय नागरिक 6अ नमुना भरून गावच्या मतदार यादीत राहू शकतो. पण मत द्यायला अस्सल पासपोर्ट घेऊन जातीनं केंद्रावर हजर व्हावं लागतं. मोपाच्या विमानतळावर उतरून वाडीला जायचं, शाई लावून घ्यायची आणि परत यायचं, हे माझ्या पगारात बसत नाही. इतरांच्याही बसत नसावं. 2024 च्या लोकसभेला परदेशी भारतीयांची नोंदणी एक लाख एकोणीस हजारांवर होती, प्रत्यक्ष मतदान तीन हजारांच्या आत, आणि त्यातही बहुतेक केरळवाले. आपल्या बदली दुसऱ्याला मत देऊ देण्याचं विधेयक लोकसभेत 2018 मध्ये मंजूर झालं होतं, राज्यसभेत मंजूर न होताच ते बारगळलं.

त्या वाचकाला वाटेल, आता हा ऑनलाइन मतदान मागणार. नाही मागत. सहा वर्षांपूर्वी मागितलं असतं. आता वाडीच्या मोती तलावाचा गाळ काढला की नाही हे मला भाच्याकडून कळतं, आणि स्विंडनच्या रस्त्यातला खड्डा मला कमरेत कळतो. नगरपालिकेचा कर मी इथं भरतो, आयकर इथं कापला जातो. आमच्या व्हिसावर स्पष्ट छापलेलं होतं, की सरकारी मदतनिधीवर हक्क नाही. घ्यायला काही नाही, द्यायला सगळं आहे, मग बस कुठल्या रस्त्यानं जाणार हे ठरवणारा माणूस निवडण्यात माझा हात असला तर त्यात गैर काय? वाडीचं प्रेम आहेच. पण प्रेमाला मतपत्रिका लागत नाही.

4 जुलैला मात्र हॉलच्या दारापर्यंत भाऊ आला आणि बाहेरच थांबला. माझ्या आठ वर्षं आधी इथं संसार थाटलेले त्याचे शेजारी, इटालियन, पोलिश, सगळे त्याच्यासारखेच बाहेर. आत मी. ‘‘हो खंयचो न्याय?’’ असं तो म्हणाला. हसत म्हणाला, पण म्हणाला. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं तर त्याला मत मिळेल. त्याचे दीड हजार पौंडांहून जास्त लागतात, वर परीक्षा. पण त्याचं म्हणणं वेगळंच आहे. एकदा पासपोर्ट बदलला तेव्हा वडिलांनी महिनाभर बोलणं टाकलं होतं, आता परत नको.

आणि कर्तव्याचं बघाल तर तिथं आणखी मजा. इथं ज्यूरीसाठी माणसं मतदार यादीतूनच चिठ्ठ्या टाकून निवडतात. वय अठरा ते पंचाहत्तर, ब्रिटनमध्ये किमान पाच वर्षं वास्तव्य, आणि यादीत नाव; मग ती यादी पार्लमेंटची असो वा नुसती स्थानिक. नागरिकत्व विचारत नाहीत. बोलावणं आलं की जायचं, योग्य कारणाशिवाय न जाणाऱ्याला दंड. तर आमच्याकडे बोलावणं कुणाला आलं? भावाला. जे पार्लमेंट कायदे करतं त्यासाठी त्याला मत नाही, पण त्याच कायद्यानं समोरचा माणूस गुन्हेगार की निर्दोष हे ठरवणाऱ्या बारा जणांत त्याला बसवलं. दोन आठवडे गेला. गीतेवर हात ठेवून शपथ घेतली. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा, रात्री गप्प असायचा. आतल्या चर्चेबद्दल ज्यूरीनं बाहेर बोलणं हा इथं गुन्हा आहे, त्यामुळे त्यानं आजतागायत तोंड उघडलेलं नाही. आम्हीही विचारत नाही. आपल्याकडे नानावटी खटल्यानंतर ज्यूरी हळूहळू गेलीच, म्हणून ही गोष्ट आपल्याला नाटकासारखी वाटते. त्याला ती तशी वाटली नाही. एवढंच म्हणाला, ‘‘मत दिवप सोंपें. हें कठीण.’’ माझीही पाच वर्षं आता झाली आहेत. पोस्टमननं लांबट पाकीट टाकलं की छातीत धस्स होतं. माझं इंग्रजी तिकीट, थांबा आणि सुप्रभात एवढ्यापुरतंच होतं, ते आता वाढवायला घेतलंय.

पत्र लिहायचं खरं निमित्त सांगतो. गेल्या गणपतीत ब्रिस्टलला शिकणारी तीन मुलं आमच्याकडे जेवायला आली होती, एक नांदेडचा, दोघी पुण्याच्या. तिघांचीही नावं यादीत नव्हती. एकीला वाटत होतं, इथं मत दिलं तर भारताचं नागरिकत्व जाईल. दुसरीला वाटत होतं, पुढचा व्हिसा नाकारतील. नांदेडकराला वाटत होतं, हे सगळं फसवणुकीच्या मेसेजसारखं काहीतरी आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुलं ब्रिटनमध्ये आहेत म्हणून सांगतो. आपलं नागरिकत्व जातं ते स्वतःहून दुसऱ्या देशाचं घेतलं तर. मत दिल्यानं नाही. नावनोंदणी मोबाइलवर पाच मिनिटांत होते, नागरिकत्वाच्या रकान्यात खरं ते ‘भारतीय’ असंच लिहायचं. खोटी माहिती देणं हा मात्र गुन्हा. आणि नातू बघायला सहा महिन्यांच्या व्हिसावर गेलेल्या आजीआजोबांनी हा उद्योग करू नये, ते तिथले रहिवासी नव्हेत, पाहुणे. मुलांना पटत नसेल तर त्यांना सांगा, की इथं कर्ज देणारे आणि मोबाइलचं कनेक्शन देणारेही पत तपासताना मतदार यादी बघतात. नांदेडकरानं लोकशाहीसाठी नाही, नव्या फोनसाठी नाव नोंदवलं. चालेल, यादीत आला ना.

हा हक्क कायमचा आहे असं समजू नये. 2008 मध्येच सरकारनं नेमलेल्या लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी सुचवलं होतं, की पार्लमेंटचं मत पुढं फक्त नागरिकांनाच असावं. तसं कधी झालं तर मी रस्त्यावर उतरणार नाही. इंग्रज म्हणेल, तुमच्या देशात राहणाऱ्या आमच्या माणसाला तुम्ही ग्रामपंचायतीचंही मत देता का? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. गोव्यातल्या हरमलला वीस वर्षं राहिलेल्या गोऱ्यालाही ते नाही.

पण गोऱ्याचं सोडा. मला रात्रपाळीत आठवतात ते दुसरेच. वेंगुर्ल्याला माझ्या मामांची आंब्याची बाग आहे. तिथं चौदा वर्षं एक नेपाळी कुटुंब राखणीला आहे. आता कोकणात हापूसची बाग नेपाळ्यांशिवाय चालत नाही, हे देवगडपासून रत्नागिरीपर्यंत कुणीही बागायतदार सांगेल. 1950 च्या तहानं नेपाळी माणसाला भारतात राहायची, काम करायची मोकळीक आहे. व्हिसा नको, काही नको. या राखणदाराची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, मालवणीतून भांडतात. वस्तीतल्या नळाला पाणी कधी येणार, बागेकडचा रस्ता होणार का, शाळेला मास्तर मिळणार का, हे सगळं त्याच्या जगण्याशी बांधलेलं. ग्रामसभेला तो येतो. मागच्या बाजूला, चपला काढून ठेवतात तिथं उभा राहतो. बोलत नाही, कारण यादीत नाव नाही.

लोकसभा, विधानसभेचं मत नागरिकांनाच, हे घटनेतच आहे, आणि ते तसंच असावं. सीमेलगतच्या राज्यांत हा प्रश्न किती पेटलेला आहे हे मला ठाऊक आहे, आसामचा माणूस माझं पत्र वाचून हातात दगड घेईल. पण गावच्या पाण्याचं मत, दहा-बारा वर्षं एका जागी राबलेल्या माणसाला, द्यायला काय हरकत आहे? स्कॉटलंडनं 2020 मध्ये आणि वेल्सनं 2020-21 मध्ये तसे कायदे केले, कायदेशीर राहणाऱ्या कुठल्याही देशाच्या माणसाला त्यांच्या स्थानिक आणि प्रांतिक निवडणुकांत मत आहे. न्यूझीलंड तर 1975 पासून कायम रहिवाशांना थेट देशाच्या संसदेसाठी मत देतं, आणि वर नाव नोंदवणं सक्तीचं ठेवतं. त्या देशांवर कुणी कब्जा केल्याचं ऐकलं नाही.

बायकोला हे पटत नाही. ती म्हणते, आज पाणी, उद्या सरपंचपद. भाऊ म्हणतो, ‘‘पयलीं माका दी, मागीर नेपाळ्याक.’’ मामांचं मत मी फोनवर चाचपून पाहिलं. ते म्हणाले, ‘‘त्येका मत दिलास तर तो पगार वाढवन मागतलो,’’ आणि फोन ठेवला. हेच तर मला म्हणायचं होतं, पण त्यांच्या तोंडून आल्यावर पुढं बोलता आलं नाही.

कृपया माझं नाव छापू नये. मामांकडे आपलाच पेपर येतो.

आपला,
एक सावंतवाडीकर
स्विंडन, इंग्लंड